झालर

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली त्या दिवशी आमच्या वर्गात मोठा उत्साह होता. कुणी पावसावर लिहिणार होतं, कुणी गावच्या नदीवर, कुणी वारलेल्या आजीवर. माझी बाकावरची मैत्रीण चांदण्यावर लिहिणार होती. तिने मला विचारलं, "तू कशावर?" मी गप्प बसले. चांदण्या रात्री माझ्याही आयुष्यात आल्या आहेत. पण त्या आठवायला गेले की मला कात्रीचा आवाज ऐकू येतो आणि गरम रबराचा वास येतो. आता या विषयावर कुणी ललित लेख लिहितं का?

शेवटी भीत भीत सरांना विचारलं. सर म्हणाले, "जे तुला ठाऊक आहे आणि आम्हांला नाही, ते लिही." सरांना कुसुमाग्रजांपासून ग्रेसांपर्यंत सगळं ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नसलेली एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. ती म्हणजे ऑइल सीलची झालर. तेव्हा वाचकहो, चांदण्याचा लेख पुढच्या पानांवर मिळेलच; इथे जरा रबराचा वास सहन करा.

या वासाची मला फार लाज वाटत असे. पहिल्या वर्षाला असताना याच मैत्रिणीने माझा हात हातात घेऊन विचारलं होतं, "तुझ्या हाताला कसला गं वास येतो?" मी पटकन म्हणाले, "केसांच्या तेलाचा. गावठी आहे." तिने ते खरं मानलं. मला मात्र तो तास संपेपर्यंत हात ओढणीखाली लपवून बसावंसं वाटलं.

आम्ही भोसरीला राहतो. माझे बाबा तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात प्रेसवर काम करतात. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, तीन प्रेस, रबर मळायची दोन लाटांची एक मिल आणि दारात चहाची किटली. तिथे ऑइल सील बनतात. बनलेले सील पोत्यात भरून आमच्या गल्लीत येतात. गल्लीतल्या सहा-सात बायका घरी बसून त्यांची कड कापतात, शेकड्यावर पैसे घेतात. माझी आई त्यांतली एक. शाळेत असल्यापासून माझं वह्यापुस्तकांचं आणि आता कॉलेजच्या फीचं त्या कात्रीवरच भागलं आहे.

ऑइल सील म्हणजे काय, हे सांगायला मला आजीच्या स्टोव्हपाशी जावं लागेल. आजीकडे पितळी रॉकेलचा स्टोव्ह होता. त्याच्या पंपाच्या दांड्याला एक कातडी वायसर असे. तो वाळला की पंप कितीही मारला तरी हवा धरत नसे. मग आजी दांडा बाहेर काढून वायसरला खोबरेल चोळी आणि म्हणे, "याचा ओठ सुकला बघ." हवा, पाणी, तेल यांना त्यांच्या जागी धरून ठेवायचं हे काम पूर्वी कातडं करत होतं, पुढे ते रबराकडे आलं. मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनातून फिरता दांडा जिथे बाहेर येतो, तिथे आतलं तेल बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून एक कडं बसवतात. बाहेरून पत्रा, आतून रबर. रबराची आतली पातळ कड फिरत्या दांड्याला टेकून राहते. तिलाही सगळे ओठच म्हणतात. ओठाच्या मागे एक बारीक गोल स्प्रिंग कमरपट्ट्यासारखी बसते आणि त्याला दांड्याशी धरून ठेवते. एवढंच ते कडं. ते ज्याच्या मोटारसायकलीत असतं, त्याला ते आयुष्यात कधी दिसत नाही. दिसतं ते गळायला लागल्यावरच.

पत्रा आणि रबर यांचं लग्न लावणं मात्र सोपं नाही. पत्र्याच्या त्या कड्याला कारखान्यात 'केस' म्हणतात. लहानपणी बाबा आईला "आज केस खराब आले" असं सांगत, तेव्हा मी आईच्या डोक्याकडे बघत असे. हे केस आधी धुऊन त्यांच्यावरचा तेलकटपणा काढतात, मग त्यांच्यावर फॉस्फेटचा करडा थर चढवतात आणि त्यावर रबर चिकटवणारं उग्र वासाचं द्रावण लावून वाळवतात. त्यानंतर त्यांना उघडा हात लावायचा नाही. बोटाचा घाम किंवा तेल लागलं, तर त्या ठसाभर जागेत रबर पत्र्याला धरत नाही. एकदा डबा द्यायला गेले असताना मी सहज एक केस उचलला, तर बाबा माझ्यावर ओरडले होते. घरी बाबा कधी ओरडत नाहीत. तेव्हा मला सोवळ्यातल्या पणजीची गोष्ट आठवली होती.

मग साचा. प्रेसच्या तापलेल्या पाटांमध्ये लोखंडी साचा असतो, साधारण १६० ते १७० अंशांवर. त्याच्या प्रत्येक खळग्यात एक केस ठेवायचा, त्यावर कच्च्या रबराची एक चकती ठेवायची आणि प्रेस मिटायचा. रबर आधी मऊ होऊन सगळीकडे पसरतं. मग बाबा प्रेस क्षणभर किंचित उघडून पुन्हा मिटतात. आत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून. त्याला ते "श्वास देणं" म्हणतात. त्यानंतर सात-आठ मिनिटांत रबर शिजतं आणि जन्मभरासाठी आपला आकार धरतं. रबरात गंधक घालून ते तापवलं की ते टिकाऊ होतं, हे अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला १८३९ साली उमगलं. बिचारा १८६० साली वारला तेव्हा कर्जात होता. त्याच्या नावाची प्रसिद्ध टायर कंपनी १८९८ साली दुसऱ्यांनी काढली आणि आदर म्हणून त्याचं नाव दिलं. हे मी आपल्या ग्रंथालयात वाचून बाबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे प्रेसवरच्या माणसाचं नशीब पहिल्यापासून तसंच आहे म्हणायचं!"

आणि आता झालर. करंजी करताना काय होतं ते आठवा. सारण जास्त झालं की कड फुटून बाहेर येतं. कमी झालं की करंजी पोकळ राहते. साच्याचंही तसंच आहे. रबर कमी पडलं, तर सीलमध्ये खड्डा राहतो आणि तो नग फुकट जातो. म्हणून प्रत्येक मोल्डिंगवाला चिमूटभर जास्तच घालतो. ते जास्तीचं रबर साच्याच्या दोन तुकड्यांच्या फटीतून बाहेर सरकतं आणि तिथेच शिजतं. दाबाखाली मऊ झालेल्या रबराला फट किती लागते? डोक्यावरच्या केसाएवढीही पुष्कळ झाली. सील बाहेर काढला की त्याच्या कडेला एक पातळ पापुद्रा लोंबत असतो. कारखान्यात त्याला फ्लॅश म्हणतात. माझी आई त्याला झालर म्हणते. करंजीचं जास्तीचं पीठ पुन्हा मळता येतं. शिजलेलं रबर मात्र पुन्हा कच्चं होत नाही. झालर कापायची आणि टाकायची.

कापण्यासाठी आईजवळ एक लहान, टोकाशी वाकडी कात्री आहे. डाव्या हातात सील, उजव्या हातात कात्री. कात्री जागेवर राहते, फिरतो तो सील. एक पूर्ण फेरा, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे पायरी पडते. आणि ओठाला धक्का लावायचा नाही. पत्र्यावर थोडं रबर राहिलं तर कुणी मरत नाही. पण ओठावर नखाएवढा काप गेला तर तेल तिथूनच वाट काढतं. आई टीव्ही बघता बघता, भाजीवालीशी बोलता बोलता हे फेरे घेते. तिची कात्री चुकलेली मी कधी पाहिली नव्हती.

गेल्या वर्षीच्या परीक्षेआधीची गोष्ट. कारखान्याला एका मोठ्या कंपनीचं काम आलं होतं आणि साचा जुना होता. झालर इतकी जाड येत होती, की आईच्या अंगठ्याला घट्टा पडून तो फुटला. रात्री ती पट्टी बांधून झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माल द्यायचा होता आणि अर्धं पोतं शिल्लक होतं. मी अभ्यासाला जागीच होते. समोर भाषाविज्ञानाची वही उघडी ठेवली आणि कात्री हातात घेतली. ध्वनी, स्वनिम, उच्चारस्थानं एकीकडे पाठ करत होते. ओष्ठ्य वर्ण म्हणजे प, फ, ब, भ, म. ओठ पुस्तकातही होते आणि हातातही. पहाटे कधीतरी पोतं संपलं. आपल्याला आईसारखंच येतं, असं वाटून मी समाधानाने झोपले. सकाळी आई म्हणाली, "अगं, मला उठवायचं नाहीस का?" पण तिचा चेहरा सुटल्यासारखा दिसला.

तीन आठवड्यांनी सगळा माल परत आला. कंपनीच्या तपासणीत काही सीलच्या ओठांवर बारीक काप सापडले होते. अशा वेळी सापडलेले नग बाजूला काढून बाकीचा माल कुणी घेत नाही. सगळाच परत येतो. शेठ आमच्या दारात आले. ते वाईट माणूस नाहीत. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. त्या लॉटचे पैसे मिळणार नाहीत म्हणाले आणि सगळे नग पुन्हा तपासून द्यावे लागतील म्हणाले. आई उंबऱ्यात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझाच हात चुकला असेल, शेठ. अलीकडे डोळे कमी झालेत माझे."

मी आत होते. माझ्या घशात शब्द आला होता, तो तिथेच राहिला. शेठसमोर सांगायला नको, मग सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. मग बाबा आले, त्यांच्यासमोर नको वाटलं. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. असं करत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत आई डोळे तपासून आली आणि तिने चष्मा सांगितला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिने नीट ऐकलंही नव्हतं. "या वयात जवळचा नंबर लागतोच" एवढंच तिच्या लक्षात राहिलं आणि तिने त्याचा अर्थ आपली कात्री संपली असा घेतला. ती गल्लीतल्या काकूंना म्हणत होती, "आता हे काम सोडावं म्हणते." मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. पाणी मोठं सोडलं म्हणजे ऐकू येत नाही.

रविवारी कारखान्यात सगळा लॉट तपासायला बसलो. आई, बाबा, मी आणि गल्लीतल्या दोघीजणी. एका निमुळत्या लाकडी खुंटीवर सील हलकेच ताणून बसवायचा आणि दिव्याखाली भिंगातून ओठ बघायचा. ताणला की काप असेल तिथे फट उघडते. आई एक एक नग बघून माझ्याकडे सरकवत होती. "तू बघ गं. मला नाही दिसत नीट." हे ती किती वेळा म्हणाली असेल! प्रत्येक वेळी ते काप माझ्याकडे बघत आहेत, असं मला वाटे. संध्याकाळपर्यंत बत्तीस नग निघाले. बाबांनी त्यांतला पहिला हातात घेतला, दिव्याखाली फिरवून बघितला आणि काही न बोलता खिशात टाकला.

त्याच दिवशी शेठनी तात्यांना बोलावलं होतं. तात्या जुने डायमेकर. हात थरथरतात म्हणून त्यांनी काम सोडलं आहे. पण सगळी वसाहत अजून त्यांनाच विचारते. त्यांनी बत्तीस नगांकडे बघितलंही नाही. पोत्यातून कापून पडलेली झालर उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "कापणाऱ्याला काय विचारता? एवढी कापायला का लागते ते विचारा."

मग त्यांनी जे केलं ते मी डोळे भरून बघितलं. आधी कच्च्या रबराच्या दहा चकत्या काट्यावर ठेवल्या. दहाही वजनांत फरक. "कात्रीनं अंदाजे तोडता ना? मग अंदाजेच झालर येणार." मग प्रेसच्या पाटांमध्ये चार कोपऱ्यांना सोल्डरच्या तारेचे सारखे तुकडे ठेवून प्रेस मिटवला आणि चपटे झालेले तुकडे मायक्रोमीटरने मोजले. तीन सारखे, चौथा जाड. म्हणजे पाट एका कोपऱ्यात नीट मिटतच नव्हता. मग साच्याच्या तोंडाला निळा रंग लावून दोन्ही भाग एकमेकांवर टेकवले. रंग जिथे उठला नाही तिथे साचा टेकत नव्हता. खळग्याची धारेसारखी असायला हवी ती कड ठिकठिकाणी गोल झाली होती.

"ही कशानं गेली?" तात्यांनी विचारलं. बाबांनी खाली बघितलं. साच्यात अडकलेलं रबर ते वर्षानुवर्षं पोलादी पेचकसाने उचकटत होते. सगळेच तसं करतात. "पितळेची पट्टी वापर रे," तात्या म्हणाले, "पितळ साच्यापेक्षा मऊ असतं. साच्याला ओरखडा पडत नाही." शेवटी त्यांनी वीस केसांची उंची मोजली. तीही कमी-जास्त होती. साच्याची कड केसच्या पत्र्यावर घट्ट टेकली तरच रबर तिथे अडतं आणि पत्र्याच्या बाहेरच्या अंगावर चढत नाही. केस बुटका निघाला तर कड टेकत नाही. उंच निघाला तर साचाच मिटत नाही. "झालर ही एकाची चूक नसते," तात्या म्हणाले. "चौघं थोडं थोडं चुकतात आणि पाचव्याच्या हातात कात्री देतात."

हे वाक्य ऐकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवणार नाही. चूक चौघांची! मग मी काही सांगायची गरजच काय? पण संध्याकाळी आईला काकूंबरोबर पुढे पाठवून बाबा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत निघाले. ते बोलत नव्हते. रेल्वेचं फाटक यावं तसं काहीतरी समोर येतंय असं मला वाटत होतं. आमच्या गल्लीच्या वळणावर मी थांबले आणि म्हणाले, "बाबा, ते काप माझे आहेत."

बाबांनी खिशातून तो सील काढला. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू डावखुरी. तुझी आई सील एका अंगानं फिरवते, तू उलट्या. काप कुठल्या बाजूला झुकलाय ते पहिला नग हातात घेतल्यावरच दिसलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"घरी पोचेपर्यंत तू सांगतेस का बघत होतो. नसतं सांगितलंस तर रात्री मी तुझ्या आईला सांगितलं असतं. तिला आपले डोळे गेले असं वाटतंय." थोडं थांबून म्हणाले, "तुझा काप खरा आहे, बाळ. तात्या म्हणाले तेही खरं आहे. एकानं दुसरं खोडून निघत नाही."

घरी गेल्यावर मी आईला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल किंवा रडेल. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझा हात चांगला आहे!" आणि मग रडली. मी आठ दिवस तिचं काय घेऊन बसले होते, ते मला तेव्हा समजलं. पैसे नव्हेत. पैसे एका लॉटचे होते.

त्यानंतर कारखान्यात बरंच बदललं. प्रेसचा पाट सरळ करून घेतला. चकत्या वजन करून कापू लागले. साचा तात्यांच्या देखरेखीखाली नवा झाला. खळग्याच्या भोवती अगदी अरुंद कड ठेवून तिच्याबाहेर एक चर खणला. जास्तीचं रबर कडेवरून त्या चरात जाऊन बसतं. कडेपाशी ते इतकं पातळ राहतं की सील काढून चरातली रिंग ओढली की ती सालीसारखी एका झटक्यात सुटते. केसच्या उंचीची तपासणी माल आत घेतानाच होऊ लागली. चकतीचं वजन कमी करताना दोन दिवस खड्डे आले, फोड आले. मग बाबांनी श्वास द्यायची वेळ बदलून बघितली आणि ते थांबले. पहिला साफ नग त्यांनी घरी आणला आणि देवापुढे ठेवला. आईने तो उचलून बोट फिरवलं. कुठेच झालर नव्हती.

"छान आहे," आई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आता आम्ही काय कापायचं?"

याचं उत्तर त्या दिवशी कुणाजवळच नव्हतं. आम्ही सगळे चूक शोधण्यात इतके गढून गेलो होतो, की त्या चुकीवरच आमचं घर चालत होतं हे विसरलो होतो. माझ्या पहिल्या वर्षाची फी त्या जाड झालरीतूनच आली होती. झालर जितकी जास्त, तितकी कात्री जास्त, तितके शेकडे जास्त. बाबांनी आपलं काम नीट केलं आणि आईचं काम गेलं. यात कुणाला दोष द्यायचा? मी अर्थशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्यांनी खूप वेळ समजावून सांगितलं, पण आईला घरी जाऊन सांगता येईल असं त्यात मला काही सापडलं नाही.

शेठनी आईला आणि एका काकूंना कारखान्यात तपासणीवर आणि स्प्रिंग बसवायला घेतलं. आईचा चष्मा तिथे कामाला आला. बाकीच्या बायकांना मात्र काम राहिलं नाही. एकजण आता पोळ्या करायला जाते, एकजण गावी गेली. त्यांतल्या एकीने पूर्वी मला बारावीला पेढे दिले होते. परवा ती रस्त्यात भेटली तेव्हा हसली. पण थांबली नाही.

मी वाचलं आहे की मोठ्या कारखान्यांत ओठ यंत्रावर धारदार पात्याने कापतात. काही ठिकाणी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत रबराचे नग गोठवतात. पातळ झालर आधी गोठून काचेसारखी ठिसूळ होते आणि नग घुसळले की तुटून पडते. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमची कात्री थंडीनं मेली म्हण की!" थंडीचं आणि सीलचं वैर मी आणखी एके ठिकाणी वाचलं. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं 'चॅलेंजर' अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झालं आणि ७ अंतराळवीर मरण पावले. रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं थंडीने ताठर झालं होतं, त्याला सांधा धरता आला नाही. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांना दाखवलं, की थंडीत ते पूर्वपदावर यायला वेळ लावतं. आमच्या सीलमुळे फार तर कुणाच्या मोटारसायकलखाली तेलाचा डाग पडला असता. तरीही ते वाचून मी त्या बत्तीस नगांची मनातल्या मनात पुन्हा मोजणी केली.

तो झुकलेल्या कापाचा सील बाबांनी मला दिला आहे. मी तो कंपासपेटीत ठेवते. परवा तास सुरू व्हायच्या आधी मैत्रिणीला तो दिसला. "हे काय गं?" म्हणून तिने उचलला, नाकाशी नेला आणि तिचा चेहरा बदलला. "अगं, हाच तो वास! तुझ्या केसांच्या तेलाचा!"

"तेल नाही ते," मी म्हणाले. "रबर आहे. माझे बाबा बनवतात. आई तपासते. आणि हा काप माझा आहे."

सर वर्गात येईपर्यंत मी तिला ओठ कुठे असतो ते दाखवत होते.